सात मेगाहर्ट्झवरची टकटक: दर श्रावणात परत येणारा आवाज कसा शोधायचा

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काच्या, ४० मीटरच्या बँडवर ७००० ते ७२०० किलोहर्ट्झमध्ये कुठेही जा, टक्... टक्... टक्... असा ठोका ऐकू येतो. दोन ठोक्यांमध्ये सेकंदाहून जरासा जास्त वेळ जातो. एस-मीटरचा (सेटवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापाचा) काटा प्रत्येक ठोक्याला आठावर उडी मारतो आणि खाली बसतो. दिवेलागणीला सुरू होतो, रात्रभर चालतो आणि सकाळी आठ-साडेआठला कुणीतरी बटण दाबावं तसा थांबतो. वर्षातले आठ-नऊ महिने त्याचा पत्ताही नसतो. आषाढ सरताना येतो, श्रावण-भाद्रपदात मुक्काम ठोकतो, दिवाळीच्या आसपास निघून जातो.

मी पाटण तालुक्यात, केरा नदीच्या खोऱ्यात राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, गावच्या घरी परतले आणि हॅम रेडिओची परीक्षा देऊन व्हीयू-थ्रीचं कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, घेतलं. सकाळी सातला चहाचा कप घेऊन सेटसमोर बसायचं, नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीत) हजेरी द्यायची, मग दुर्बीण गळ्यात अडकवून ओढ्याच्या काठाने पाखरं बघायला निघायचं, असा माझा दिवस सुरू होतो. कोकण किनाऱ्यावरचे एक वयस्कर मित्र या नेटवर जेमतेम वीस वॉटवर येतात. टकटक सुरू असली की त्यांच्या वाक्यातला दर तिसरा-चौथा शब्द ठोक्याखाली दबतो. त्यांना पुन्हा पुन्हा तेच बोलायला लावणं मला जड जातं.

आणि गोष्ट सकाळच्या गप्पांपुरती नाही. २०२१ च्या जुलैत आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्या दिवसांत आमच्या वाडीत वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. पावसाळ्यातच रेडिओची खरी गरज पडते आणि नेमका पावसाळ्यातच माझा रिसीव्हर निम्मा बहिरा होत होता. म्हणून हा आवाज मुळापासून शोधायचा ठरवलं. तीन पावसाळे गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिले दोन पावसाळे वाया का गेले

पहिल्या वर्षी मी केबल बदलली. त्रास पावसाळ्यात सुरू होतो, म्हणजे केबलमध्ये पाणी गेलं असणार, असा माझा तर्क होता. गंमत अशी की पाणी खरंच गेलं होतं. डायपोलच्या, म्हणजे मध्यात केबल जोडलेल्या माझ्या तारेच्या अँटेनाच्या, मध्याशी आरजी-५८ केबलचं बाहेरचं आवरण सोललं तर आतली तांब्याची जाळी चकचकीत असायला हवी ती काळी पडलेली. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, एकाच्या जितका जवळ तितका चांगला) १.३ वरून अडीचच्या पुढे गेला होता. नवी केबल टाकली, जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी पीव्हीसी टेप गुंडाळली, केबल खिडकीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. एसडब्ल्यूआर सुधारला, टकटक तशीच राहिली. दोन वेगळे आजार एकाच ऋतूत आले होते, एवढंच. एसडब्ल्यूआर बिघडला की केबलमध्ये जास्त शक्ती वाया जाते, पण त्याने ठेक्यात वाजणारा आवाज कधीच तयार होत नाही. हे डोक्यात पक्कं असतं तर तो पावसाळा वाचला असता.

दुसऱ्या वर्षी सेटच्या वीजपुरवठ्याला लावायचा फिल्टर आणला. त्याने काडीचा फरक पडला नाही. का पडला नाही ते पुढच्या परीक्षेत कळेल, आणि ती परीक्षा फिल्टर विकत घेण्याआधी करायची असते.

सेटमधला नॉइज ब्लँकर मात्र थोडा उपयोगी पडतो. ठोका अगदी आखूड असतो आणि ब्लँकर तेवढ्या क्षणापुरता रिसीव्हरचं तोंड बंद करतो. पण शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कुणी दणकट स्टेशन आलं की ब्लँकर त्यालाही कापायला धावतो आणि सगळ्याच आवाजांना खरखर लागते. दुखणं सुसह्य होतं, बरं होत नाही.

आधी आपलंच घर तपासा

सेटवरून अँटेनाची केबल काढा. आवाज पूर्ण गेला तर तो अँटेनातून येतोय. राहिला तर वीजपुरवठ्यातून किंवा सेटमधूनच येतोय. माझा पूर्ण गेला. मग विजेच्या तारेवरचा फिल्टर काय करणार?

आता सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, अँटेना परत जोडा आणि घराचा मेन स्विच पाडा. इथे बहुतेकांचं एक चुकतं: मेन पाडला की घरातला इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि स्वतःचाच किर्र आवाज बँडभर पसरवतो. मग वाटतं, मेन बंद करूनही आवाज आहेच, म्हणजे घर निर्दोष. इन्व्हर्टरही बंद करा, त्याच्या बॅटरीची एक वायर काढा आणि मग ऐका. छतावर सोलरचा चार्ज कंट्रोलर असेल तर तोही सोडवा.

माझ्या घरात या परीक्षेत टकटक गेली नाही, पण दुसरे दोन आवाज गेले: देवघरातला एलईडी बल्ब आणि मोबाइलचा एक स्वस्त चार्जर. तेवढ्यानेही मागचा सळसळता आवाज एका एस-युनिटने खाली आला. घरातले सगळे एलईडी एकेक करून काढून पाहा. एकाच खोक्यातले दोन बल्बसुद्धा सारखे नसतात.

त्यानंतर मी छोटा पाच वॉटचा सेट, बॅटरी आणि मासेमारीची घडीची काठी घेऊन दातेगडावर गेले. पायऱ्या कोरलेली ती खोल विहीर जिथे आहे, तिच्यापासून थोड्या अंतरावर काठी उभी करून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार सोडली आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत ऐकत बसले. समोर वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या काळोखात दिसेनाशा होत होत्या, हेडफोनमध्ये शांतता आणि एस-मीटर एकावर. ठोका नाहीच. श्रीलंकेतला एक हॅम मोर्समध्ये बोलावत होता, तो घरी मला कधी ऐकू आला नसता. त्या संध्याकाळी नक्की झालं: टकटक आकाशातून येत नाही, गावातून येते. (उतरताना अंधार होतो. एकटीने गेले नव्हते, तुम्हीही जाऊ नका.)

आवाजाचं घड्याळ

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे आहे. अवजारं काढण्याआधी वही काढा. प्रत्येक आवाजाला स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि ते वेळापत्रकच त्याचं नाव सांगतं. मी शंभर पानी वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, एस-मीटर, मिनिटाला ठोके, हवा कशी, शेतीची थ्री फेज आहे की नाही. दिवसातून सहा वेळा, पंधरा दिवस नोंद केली. त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते आधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

खेड्यातले नेहमीचे आवाज आणि त्यांची घड्याळं सांगते. संध्याकाळी सातला येऊन दहा-अकराला जाणारी, बँडवर ठरावीक अंतराने फुगवटे असणारी घरघर ही एलईडी दिव्यांची किंवा टीव्हीच्या अ‍ॅडॅप्टरची. सकाळी ऊन वर आलं की चढणारी, संध्याकाळी उतरणारी आणि ढग सूर्यावर आला की काही सेकंदांत मंदावणारी शिट्टी म्हणजे सौर कृषी पंपाचा कंट्रोलर. पॅनेलपासून पंपापर्यंतच्या लांब वायरी त्याची अँटेना होतात. ढगाची परीक्षा इतकी सोपी आणि इतकी खात्रीची आहे की खिडकीतून आकाश बघत बघतच निदान होतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येणारा आवाज दिसला तर शेतीच्या फीडरचं चक्राकार वेळापत्रक शेजारी लिहून पाहा. दोन्ही जुळली तर आवाज कुणाच्या तरी मोटारीच्या स्टार्टरचा किंवा त्या लाइनवरच्या सैल जोडाचा. खांबावरच्या ढिल्या जोडाचा किंवा तडकलेल्या इन्सुलेटरचा आवाज खरखरीत, सलग, १०० हर्ट्झच्या गुणगुणीसारखा असतो. कोरड्या हवेत वाढतो आणि पाऊस सुरू झाला की बहुधा गप्प होतो. आणि चैत्र-वैशाखात वळवाच्या आधी दुपारी येणारा कडकडाट हा विजांचा, त्याला ठेका नसतो, त्याच्यावर इलाजही नाही.

माझा ठोका यांपैकी कशातच बसत नव्हता. थ्री फेजशी संबंध नाही. वीज गेली तरी चालू. उन्हाशी संबंध नाही. पहाटे दव पडलं की सगळ्यात जोरात. मुसळधार पाऊस लागला की थोडा मऊ, पाऊस उघडला की पुन्हा कडक. आणि वहीत एक नोंद अशी होती: एका गुरुवारी संध्याकाळी तो सुरूच झाला नाही, शुक्रवारी सकाळीही नाही, शुक्रवारी रात्री पुन्हा हजर. त्या गुरुवारी काय झालं होतं? आमच्या वरच्या बांधाचे तात्या मुलीकडे कराडला मुक्कामी गेले होते.

तात्यांच्या भुईमुगाला आणि भाताला रानडुकरांचा फार त्रास. कधी गवेही उतरतात. म्हणून त्यांनी शेताभोवती झटका तार ओढली आहे. बॅटरीवर चालणारं झटका मशीन, वर छोटं सोलर पॅनेल. दिवेलागणीला चालू करतात, सकाळी धारा काढून झाल्या की बंद. घड्याळ तंतोतंत जुळलं.

ठोके मोजा

झटका मशीन तारेत सतत करंट सोडत नाही. काही हजार व्होल्टचा एक अतिशय आखूड धक्का देतं, मग थांबतं, मग पुन्हा देतं. दोन धक्क्यांमध्ये निदान एक सेकंदाची विश्रांती असलीच पाहिजे असा या यंत्रांचा सुरक्षेचा नियम आहे, कारण त्या विश्रांतीतच अडकलेलं जनावर किंवा माणूस हात सोडवू शकतो. याचा आपल्याला थेट उपयोग होतो: मिनिटाला साठाहून जास्त ठोके मोजले तर मशीन एक नाही, निदान दोन आहेत, किंवा असलेलं मशीन धोकादायक आहे. मी मोजले तेव्हा काही दिवशी ४८ भरले, काही दिवशी जवळजवळ शंभर. नीट कान दिला तर दोन वेगळे ठेके होते, एक मिनिटाला ४८ चा, दुसरा ५२ चा. ते हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात, एक क्षण एकत्र पडतात आणि पुन्हा लांब जातात. भजनात दोन टाळकरी जरा वेगवेगळ्या लयीत असावेत तसं. मोठा आणि जवळचा ठेका ४८ चा होता. तात्यांच्या मशीनजवळ उभं राहून मोजलं, तेही ४८.

पण एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर शेजाऱ्याशी उगाच वाकडं येईल. मशीन पेरणीपासून, म्हणजे ज्येष्ठापासून चालू होतं आणि तेव्हा माझ्या बँडवर काहीच नव्हतं. मशीन चांगलं होतं. धडधाकट कुंपणावर धक्का शांतपणे तारेतून जातो आणि रेडिओला फारसा कळत नाही. तो धक्का कुठेतरी ठिणगी होऊन उडतो तेव्हा आवाज होतो: तारेला टेकलेलं गवत, तडकलेलं इन्सुलेटर, हाताने पिळून केलेला गंजका जोड. ठिणगीत सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात आणि शेकडो मीटर तार तिची अँटेना बनते. म्हणजे रेडिओवरची टकटक सांगत असते की कुंपण गळतंय. जिथे गळतंय तिथून पुढे तारेत जोर उरत नाही, आणि डुक्कर नेमकं तिथून पुढे आत शिरतं.

तात्यांकडे गेले तेव्हा तक्रार घेऊन गेले नाही, खिशातला छोटा रेडिओ घेऊन गेले. मीडियम वेव्हवर पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या खाली, जिथे स्टेशन नाही अशा जागी लावला आणि त्यांच्या हातात दिला. टक्... टक्... त्यांनी मशीनच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं.

“बाई, ह्यो तर आमच्या मशीनचाच ठोका!”

“तात्या, मशीन चांगलं आहे. पण कुंपण कुठेतरी गळतंय. ते कुठे, हे हा रेडिओ सांगेल.”

“आवो, मग वरल्या कोपऱ्यातनं डुकरं का येत्यात ते आत्ता कळलं.”

गळती कशी शोधली

लांबून दिशा काढायला खिशातला मीडियम वेव्हचा रेडिओ उत्तम. त्याच्या आत फेराइटची कांडी आडवी असते, तीच त्याची अँटेना. रेडिओ हळूहळू फिरवत न्या. एका स्थितीत ठोका एकदम पडतो. तेव्हा कांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे, किंवा त्याच्या बरोबर उलट दिशेला असतं. मोठा आवाज कुठे, याच्या मागे लागू नका, तो बऱ्याच कोनांतून सारखाच लागतो. पडणारा आवाज शोधा, तो अचूक असतो. दोन-तीन जागांहून अशी दिशा घेतली आणि गावाच्या नकाशावर रेघा ओढल्या की त्या एकमेकींना कुठे छेदतात ते दिसतं.

कुंपणाजवळ गेल्यावर मात्र ही युक्ती फसवते, कारण आता सगळी तारच बोलत असते. तिथे रेडिओ एकाच उंचीवर, तारेपासून दोन-तीन हातांवर धरून, आवाज कमी ठेवून चालत जायचं. गळतीपाशी ठोका जाड न राहता टोकदार होतो. चार-पाच खांबांपर्यंत जागा नक्की होते. नेमका खांब हवा असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सीला जा. मी पीव्हीसी पाइपावर स्टीलच्या मोजपट्टीचे तीन तुकडे बांधून १४४ मेगाहर्ट्झची हातात धरायची यागी (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) केली आणि ऑल मोड सेट एएमवर ठेवून ऐकलं. एफएमवर ठिणगी नीट ऐकू येत नाही, एएमच हवं. इतक्या वर ठिणगीचा आवाज लांब जात नाही, म्हणून यागी जिकडे बोट दाखवते तिथेच दोष असतो.

शेवटची खात्री डोळ्यांनी, अंधारात. अमावास्येच्या जवळची रात्र, पाऊस उघडलेला, साडेआठची वेळ. तात्या पुढे काठी आपटत, मी मागे. दोघांच्या पायांत गमबूट, कारण श्रावणात बांधावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. वरच्या कोपऱ्याशी बॅटरी विझवली आणि उभे राहिलो. डोळे सरावले तशी एक निळी टिकली दिसली. विझली. पुन्हा दिसली. बरोबर ४८ च्या ठेक्यात. आणि आता हेडफोनशिवाय, उघड्या कानाला, तोच ठोका: चट्... चट्... महिनोन् महिने खोलीत बसून जो आवाज ऐकला होता तो हातभर अंतरावर एका सागाच्या खांबावर बसला होता. तिथे तार खांबाला थेट लागू नये म्हणून ठिबकच्या नळीचा तुकडा घातलेला होता. तीन उन्हाळ्यांत तो उन्हाने करपून उभा चिरला होता, आणि चिरीतून ठिणगी आतल्या खिळ्यावर उडत होती. त्या रात्री आणखी चार निळ्या टिकल्या सापडल्या. दोन कुसळी गवताच्या, एक घाणेरीच्या फांदीची, एक जोडाची. प्रत्येक खांबाला आम्ही लाल चिंधी बांधून ठेवली, काम दिवसा करायचं म्हणून.

दुरुस्ती

कुंपणाला हात लावण्याआधी मशीन बंद आणि बॅटरीची वायर काढलेली. ती वायर खिशात. शेतात दोन माणसं असतील तर कुणी चुकून मशीन सुरू करणार नाही, याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आणि कळकळीने सांगते, घरातली वीज थेट कुंपणात सोडलेली कुठे दिसली तर रेडिओ विसरा आणि आधी ते बंद करायला लावा. तो गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात, गुरं मरतात, जंगलातली जनावरं मरतात. झटका मशीन आणि थेट वीज यांत जीव जाण्याइतका फरक आहे.

आम्ही नळीचे सगळे तुकडे काढून उन्हाला टिकणारी काळी प्लॅस्टिकची इन्सुलेटरं लावली. नुसती चिरलेली नाही, सगळीच, कारण उरलेली पुढच्या वर्षी चिरणारच होती. जोड उकलून, तार घासून, नटबोल्टच्या क्लॅम्पने घट्ट केले. जस्ताच्या मुलाम्याच्या तारेला जस्ताचाच क्लॅम्प लावावा. तांब्याची वायर तिला थेट बांधली की पावसात तो जोड गंजतो आणि सहा महिन्यांत पुन्हा ठिणगी. घाणेरी मुळासकट काढली. तारेखालचं गवत हातभर रुंद पट्ट्यात कापलं.

अर्थिंगकडे कुणाचं लक्ष जात नाही. तात्यांचं अर्थिंग म्हणजे वीतभर रोवलेली एक सळई होती. मशीनला परतीची वाट चांगली नसेल तर झटका कमजोर पडतो. ओढ्याकडच्या ओलसर जागेत दोन-दोन मीटरच्या तीन सळया, तीन-तीन मीटरवर ठोकून एकमेकींना जोडल्या. हे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर लांब असावं, नाहीतर धक्के घराच्या वायरिंगमध्ये आणि तिथून तुमच्या सेटमध्ये शिरतात. रेडिओचं अर्थिंगही त्याच्यापासून तितकंच लांब ठेवा.

त्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी मशीन सुरू केलं आणि मी घरी सेटसमोर होते. एस-मीटर दोनावर. कान देऊन ऐकलं तर ४८ चा ठोका होता, पण पानावर पाणी ठिबकावं इतका. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल. आठावरून दोन म्हणजे ३६ डेसिबल, मीटर अचूक धरला तर सुमारे चार हजार पट कमी शक्ती. कुंपणाच्या लांबच्या टोकाला टेस्टर लावला तर आधी जेमतेम दोन हजार व्होल्ट मिळत होते, आता सहा हजार. वरच्या कोपऱ्यातून त्या मोसमात डुक्कर आलं नाही. सकाळच्या नेटवर कोकणातल्या मित्रांनी विचारलं, “आज मी कसा येतोय?” मी म्हटलं, पाच-पाच, म्हणजे अगदी स्पष्ट. त्यांना वाटलं मी त्यांचं मन राखतेय. मग त्यांनी बोललेलं वाक्य मी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवलं.

पुन्हा येऊ नये म्हणून

पाच आठवड्यांनी आवाज पाचावर आला, कारण पावसाळ्यात गवत थांबत नाही. म्हणून हा त्रास परत येणारच असं धरून चालायचं आणि साफसफाईचे दिवस ठरवून टाकायचे. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. आमचं ठरलं आहे: बेंदराच्या आठवड्यात एकदा, नागपंचमीच्या आदल्या दिवशी एकदा (नागपंचमीला शेतात कोयता चालवत नाहीत), गणपती येण्याआधी एकदा आणि घट बसण्याआधी एकदा. तात्या आता स्वतःच खिशातला रेडिओ घेऊन सकाळी कुंपणाची फेरी मारतात. बातम्या संपल्या की स्टेशनपासून जरा बाजूला काटा नेतात आणि चालू लागतात.

माझ्या बाजूनेही दोन गोष्टी केल्या, त्या कुठल्याही आवाजासाठी उपयोगी आहेत. एक, डायपोल आधी कुंपणाला समांतर होता, तो काटकोनात फिरवला आणि घराच्या दुसऱ्या बाजूला नेला. दोन, डायपोलच्या मध्याशी फेराइटच्या मोठ्या कड्यावर, ३१ नंबरच्या मिश्रणाच्या, केबलचे आठ-नऊ वेढे घातले. केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेनासारखं काम करून घराजवळचा सगळा कचरा गोळा करते, ते या वेढ्यांनी थांबतं. कडं घेताना मिश्रणाचा नंबर विचारून घ्या. दिसायला सारख्या कड्यांतली काही या फ्रिक्वेन्सीला काहीच करत नाहीत.

राहिला ५२ चा ठेका. तो आधी मोठ्या ठेक्याखाली झाकलेला असायचा, आता पहाटेच्या दवात स्पष्ट ऐकू येतो, एस-तीनच्या आसपास. तीन जागांहून दिशा घेतली, रेघा केरेच्या पलीकडे, समोरच्या वाडीच्या वरच्या अंगाला छेदतात. तिकडे तात्यांचे मेहुणे राहतात. नदीचं पाणी उतरलं की दोघं जाणार आहोत, रेडिओ, यागी आणि पिशवीभर इन्सुलेटरं घेऊन.